पोळपाटावर चाललेली गाडी

माझ्या साळ्याला जगात न बसणारी वस्तू माहीतच नव्हती. एका कंपनीचा डबा, दुसऱ्या कंपनीचं झाकण आणि तिसऱ्याच कशाचा तरी नट त्याच्यापुढे टाका. तो डोळे बारीक करणार, अंगठ्यानं कडा चाचपणार आणि म्हणणार, "बसते." म्हणून उमरेड रोडवर त्याला सगळे बसते मिस्त्री म्हणायचे. खरं नाव त्याच्या बहिणीला ठाऊक होतं. ती माझी बायको. रागावली की तीही बसते मिस्त्रीच म्हणायची.

वस्तू बसायची, हे खोटं नाही. बसल्यावर किती दिवस टिकेल, हे विचारलेलं त्याला आवडत नसे. त्याचं गॅरेज म्हणजे टिनाचे चार पत्रे आणि एक निंबाचं झाड. लोक दिवाळीला आकाशकंदील टांगतात तसे त्यानं त्या झाडाला जुने सायलेन्सर टांगले होते. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचं आत मोठं काम चाललंय. उतरवलेला एकही पुर्जा त्यानं कधी कबाड्याला दिला नाही. "गाडी मरते भाऊजी, पुर्जा मरत नाही," असं तो मला कोणी महाराज सांगतात तसं सांगायचा. महाराजांच्या पायाशी निदान फुलं तरी असतात, याच्या पायाशी काळं ऑइल. लग्न तेवढं त्याचं कुठं बसलं नाही. मुलगी पाहायला गेला तिथं म्हणे त्यानं मुलीकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यातला कूलर घरघर करत होता, तो उघडला. पोहे यायच्या आत कूलरचे तुकडे बैठकीत पसरलेले. ते सोयरिकीचं बोलणं तिथंच मिटलं, आणि त्या लोकांनी उन्हाळा कसा काढला देव जाणे.

आमच्या नागपुरात चालू असलेल्या कामाला "करून राहिलो" म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे सांगून ठेवावं लागतं, नाही तर काय होतं ते मी पाहिलं आहे. पुण्याकडचे एक साहेब शहराच्या कडेला बेसा आहे, तिथं नवीन फ्लॅट घेऊन राहायला आले होते. त्यांच्या गाडीचं दार चेपलं, म्हणून यानं दुसऱ्याच गाडीचं दार घेऊन ते बसवायला घेतलं. संध्याकाळी साहेबांनी फोन केला, दार बसलं का. हा म्हणाला, "बसून राहिलं साहेब." याच्या मनात, बसवणं चालू आहे. साहेबांना वाटलं, बसलं आणि आता तसंच राहिलं, म्हणजे काम फत्ते. ते बायकोला घेऊन ऑटोनं आले. पाहतात तर दार झाडाला टेकवलेलं आणि मिस्त्री तर्री-पोहे खातोय. साहेब तापले. तर हा त्यांनाच समजावतो की मी खोटं कुठं बोललो, बसूनच तर राहिलं. साहेबांचं व्याकरण पक्कं असेल, पण त्या दिवशी बाई दार मांडीवर धरून बेसाला गेल्या.

असा हा माणूस बहिणीवर जीव टाकायचा आणि तिच्या घरी मात्र यायचा नाही. त्याच्या आईनं त्याला लहानपणी सांगितलं होतं की बहिणीच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये. साडी न्यावी, चोळीचा कपडा न्यावा, काहीच नाही तर फळं तरी. याच्याकडे यातलं कधी नसायचं. हिनं किती वेळा म्हटलं, असाच ये ना गा. तो "हौ, येतो ताई" म्हणायचा आणि यायचा नाही. मग त्यानं आपल्या डोक्यानं त्यातून वाट काढली. हातात पाना असला की हात रिकामा नसतो. आमच्या घरचा पंखा अडला, मिक्सर अडला, नळ गळला की हा हजर. काही बिघडलं नाही तर त्याचं तोंड दिसत नसे. एका भाऊबीजेला हिनं ओवाळलं तर यानं ताटात गाडीचा नवा फॅनबेल्ट ठेवला. मी म्हटलं, कुंकू लावून कमरेला बांध वं, भावानं कमरपट्टा आणला. ती हसली. तो नाही हसला. त्याच्या मते बेल्ट चांगल्या कंपनीचा होता.

मी जातीनं विणकर, शाळेनं चौथी आणि पोटासाठी ड्रायव्हर. हातमाग गेल्यावर मी शाळेच्या पोरांची व्हॅन चालवली. वय झालं तेव्हा शाळेनं मला सोडलं, पण व्हॅन माझीच होती म्हणून ती राहिली. मग हिच्या किडन्या गेल्या. धंतोलीच्या एका दवाखान्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिसची मशीन लावावी लागे. वेळ ठरलेली असायची. चुकली की मशीन दुसऱ्याला आणि हिच्या अंगात पाणी. ऑटोत तिला बसवत नव्हतं, खड्ड्यात जीव जायचा. व्हॅनच्या मागच्या सीटवर ती आडवी होऊ शके. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात व्हॅनचं इंजिन तापून बसलं. म्हणजे आमच्या भाषेत नाही, खरोखरच बसलं.

नवीन इंजिन आमच्या ऐपतीचं नव्हतं. मिस्त्री आला, सीट उचलून पाहिली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, माणूस तव्यावर बसल्यासारखा त्यावर बसतो. तो म्हणाला, हेडाला तडा गेला, माझ्याकडे एक आहे, बसते. त्याच्याकडचं हेड कोणत्या मॉडेलचं होतं ते त्यालाही सांगता आलं नाही. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं, त्याच्या बाजूला भोकं असतात, त्यातून हवा आणि पेट्रोल आत जातं. ती हवा वाटून देणारा नळ्यांचा पंजा असतो, त्याला मेनिफोल्ड म्हणतात. भोकापुढे भोक आलं पाहिजे, एवढीच त्यातली अक्कल. इथं हेडाची भोकं लांबुळकी आणि खाली, मेनिफोल्डची गोल आणि वर. हेडाचा उतार एकीकडे, पंजाचा दुसरीकडे. दोन बोल्ट लागत होते, बाकीचे शेजारच्या घरी पाहत होते. मी म्हटलं, लेका, हे नवराबायको एका पाटावर उभेच राहत नाहीत, तू मंगलाष्टकं काय म्हणतो? तो म्हणाला, "मधात काही टाकलं का बसते."

मध्ये टाकायला जाड पत्रा हवा होता आणि तो कापून देणाऱ्या खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, गर्दी होती. दोन दिवस हा आमच्या अंगणात तो पंजाच कानशीनं घासत बसला. बोल्टची भोकं लांब केली, कडा घासल्या, त्या बारीक भुशानं तुळस पांढरी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हिनं पोळ्या करायला घेतल्या आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "अवो, माया पोळपाट पाहिला का?"

मी म्हटलं, मी का पोळ्या लाटतो?

बाहेरून व्हॅनच्या पोटातून आवाज आला, "आहे ना ताई, इथंच आहे. बसून राहिला."

ती भिंतीचा आधार घेत घेत अंगणात आली. शिसवीचा पोळपाट, तिच्या आईनं लग्नात दिलेला. त्याचे तीन तुकडे झाले होते, प्रत्येकाला मधोमध भोक, एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं लांबुळकं, आणि तिरपे तासलेले. हेड आणि पंजा यांच्यामध्ये तो ते ठेवत होता. शिसवीसारखं लाकूड नाही, तापत नाही, असं काहीतरी सांगत होता. ती म्हणाली, "आईनं देल्ला होता मले."

"मंग आईचाच आहे ना अजून," तो म्हणाला. "फक्त आता तीन ठिकाणी आहे."

त्या दिवशी पोळ्या उलट्या परातीवर झाल्या आणि एकही गोल झाली नाही. त्याला तिनं मुद्दाम सगळ्यात कच्ची वाढली. त्यानं ती संपवली आणि म्हणाला, चांगली भाजली.

गाडी सुरू झाली, हे मला कबूल करावं लागेल. पण सुरू झाली म्हणजे काय, शिट्टी वाजवायला लागली. लाकडाच्या फटीतून हवा ओढायची आणि सिग्नलवर उभी राहिली की कुकरसारखी सूं करायची. पुढचा मोटरसायकलवाला वळून पाहायचा, मी काही वाजवतो का म्हणून. इंजिन तापलं की पोळपाटात मुरलेल्या पिठाचा वास यायचा. भर उन्हात धंतोलीच्या रस्त्यावर माझ्या गाडीत ताज्या पोळ्यांचा घमघमाट. दवाखान्याचा वॉचमन एकदा म्हणाला, काका डबा मस्त आणला.

फट कुठं आहे हे पाहायची मिस्त्रीची पद्धत म्हणजे उदबत्ती. तो सीट उचलायचा, उदबत्ती पेटवून पंजाच्या कडेकडेनं फिरवायचा. जिथं धूर आत ओढला जाईल तिथं फट. पेट्रोलच्या इंजिनापाशी निखारा फिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही सगळे एका दिवशी एकत्रच सुटलो असतो, मशीनची गरज पडली नसती. आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, एका बाईनं पहाटे पाहिलं आणि हात जोडून विचारलं, आज काय आहे. आमची ही मागच्या सीटवरून म्हणाली, "गणपती बसवला आहे सीटखाली."

अशा गाडीत मिस्त्री सोबत असल्याशिवाय निघता येत नव्हतं. म्हणून मशीनच्या दिवशी तो उजाडायच्या आत यायचा, नट कसायचा, उदबत्ती फिरवायचा आणि माझ्या बाजूला इंजिनावर कान देऊन बसायचा. जणू पोटातल्या बाळाचे ठोके ऐकतोय. दवाखान्यात पेशंटजवळ एकालाच बसू देत. मला रक्त पाहवत नाही, ते नळ्यांमधून फिरताना तर मुळीच नाही. मग तोच बसायचा. मी बाहेर बाकावर. चार तास तो तिला आठवड्यात आलेल्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचा. कोणाचा गिअर कसा अडकला, कोणत्या पाटलानं ट्रॅक्टरात मोहरीचं तेल टाकलं. आतून तिचं हसणं ऐकू यायचं. घरी मी तिला हसवायला गेलो की ती म्हणायची, राहू द्या, दम लागते.

मग एक दिवस ते झालं. अजनीच्या पुलाच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि मधला तुकडा फाटला. मागं ही धापा टाकत होती. तिचे पाय आदल्या दिवसापासूनच सुजलेले होते. मिस्त्रीनं सीट उचलली, गरम लोखंडात हात घातला, दवाखान्याच्या पिशवीतली साबणाची वडी काढून फटीत घासून भरली, वरून तिच्याच शालीची पट्टी गुंडाळली. गाडी चालली. पोचलो तेव्हा आमची मशीन दुसऱ्याला दिली होती. संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाले. ती बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसली, तिचा श्वास मला ऐकू येत होता, इंजिनापेक्षा वाईट. मी मिस्त्रीला सगळ्यांसमोर म्हटलं, आज तू तुया बहिणीले पोळपाटापायी मारलं असतं. त्याच्या हाताला फोड आले होते, ते पाठीमागे धरून भिंतीशी उभा राहिला. संध्याकाळी मशीन लागली तेव्हा आत जायलाही कचरला. तिनंच बोटानं बोलावलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटा कबाडी बाजारात गेलो. त्या हेडाचा बरोबर मेनिफोल्ड कोणता, मला काय कळतं. मी फाटलेला तुकडा घेऊन गेलो आणि पहिल्याच दुकानात म्हटलं, या लांबुळक्या भोकावर बसणारा दे. पोत्याखालून काढून दिला. तेच भोक, तोच उतार. घासायचं काम नाही. मी तो पेपरात गुंडाळून घरी आणला आणि हिच्यापुढे ठेवला. म्हटलं, पाहा तुया भावाची हुशारी. मले चौथी पासले सापडला, त्याले सापडला नाही.

तिनं पेपर उघडून पाहिला आणि पुन्हा बंद केला. म्हणाली, "त्याले बी सापडला असन. कवाचाच."

मी विचारलं, मग बसवला काहून नाही?

"गाडी चांगली झाली तर तो कशाले येईन?"

मी म्हटलं, वं, काल मरता मरता वाचली तू.

"पाय सुजते अन् उतरते," ती म्हणाली. "तो एकदा घरी बसला का मंग येत नाही. मले मशीनवर एकटीले भेव लागते. तुमी तर बाहेर पळता. ठेवा हे खाटेखाली, अन् त्याले सांगू नका."

मी ठेवलं. दुसरं काय करणार. तिनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून दिलं, मी सरकवलं खाटेखाली. मिस्त्रीनं दुसऱ्या कुठल्या पाटाचा नवा तुकडा करून आणला, कोणाच्या घरचा ते विचारलं नाही. त्यानंतर तो मशीनच्या आदल्या संध्याकाळीही यायला लागला, प्रत्येक नट दोनदा पाहायचा. मी त्याला रोज शिव्या द्यायचो. गाडीला, पोळपाटाला, उदबत्तीला, त्याच्या सायलेन्सरच्या झाडाला. तो बहिणीकडे पाहायचा आणि ती म्हणायची, बोलू दे, त्यांचा बी दिवस जाते. गाडी पुन्हा बंद पडली नाही. शिट्टी मात्र शेवटपर्यंत वाजली.

ती गेली ती गाडीमुळे नाही, मशीनमुळे नाही. सकाळी चहा मागितला आणि तो पिण्याआधीच गेली. मी यावर जास्त लिहिणार नाही.

तेरवीच्या दिवशी माणसं बसवायला जागा हवी म्हणून खाट बाहेर काढली. एक टोक मी धरलं, एक मिस्त्रीनं. खाली ते गाठोडं. त्यानं लुगड्याचं फडकं ओळखलं. उघडून पाहिलं, अंगठ्यानं भोकाची कड चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तिनंच ठेवायला लावलं. तो खाली उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. पाहुणे म्हणाले, मिस्त्रीले चक्कर आली काय. जेवणावळ उठल्यावर त्यानं अंगणात सीट उचलली, लाकडाचे तुकडे काढले आणि तो मेनिफोल्ड लावला. कानस हातातसुद्धा घ्यावी लागली नाही. एकामागून एक बोल्ट गेले. मी म्हटलं, राहू दे ना आज, घाई कोणाची आहे. तो म्हणाला, "नाही भाऊजी. आता कोणाले न्यायचं नाही, आता तुमाले एकट्याले चालवायची आहे." चाबी फिरवली. शिट्टी नाही, वास नाही. हत्यारं पिशवीत भरून तो गेला.

आणि मग आलाच नाही. कशाला येईल? पंखा चालतो, नळ गळत नाही, गाडी पहिल्या चाबीला उठते. मी सकाळी तिला उगाच बेसा चौकापर्यंत नेतो आणि परत आणतो. आत इतकं शांत असतं की इंडिकेटरची टिकटिक नको वाटते. घरी कोणाशी भांडण नाही. भाजी खारट झाली तर माझीच असते.

काही महिने मी वाट पाहिली. मग म्हटलं, हे कारण-बिरण त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं, माझ्या आईनं मला असलं काही शिकवलं नाही. परवा व्हॅन काढली आणि सरळ उमरेड रोडला गेलो. तो कोणाच्या तरी मोपेडला सायकलचं चाक लावत होता. बारीक झाला आहे. मला पाहून उठला, हात पुसले, म्हणाला, "का झालं गाडीले?"

मी म्हटलं, काही नाही.

त्याचा विश्वास बसला नाही. सीट उचलली, चालू करून ऐकलं, कडेकडेनं बोट फिरवलं. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू केली. डॉक्टर वाईट बातमी सांगतात तशा तोंडानं म्हणाला, खरंच काही नाही. मग सीट परत जागेवर ठेवली.

"मंग आले कशाले?"

"शिव्या द्याले," मी म्हटलं. "घरी कोणी राहिलं नाही ज्याले द्याव्या."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ऑइलचा एक रिकामा डबा ओढून माझ्याकडे सरकवला, दुसरा आपल्याला घेतला, आणि माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"मंग द्या," म्हणाला.

मी सुरू झालो. मध्येच एक गिऱ्हाईक गाडी ढकलत आलं. मिस्त्रीनं त्याच्याकडे न पाहताच हात वर करून त्याला थांबायला सांगितलं.